स्टिकरखालची ओळ

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
दाऊदचाचा मुकादमांचं दुकान.
गळ, नायलॉनची दोरी, टॉर्चचे सेल,
आणि मागच्या फळीवर कॅसेटी.
खरी अठ्ठावीसला. ही बारा.
"गाना तोच हाय," चाचा म्हणायचे,
"वरचं सोला रुपय नावाचं."

कव्हरवर सिनेमातलं कुणी नसायचं.
एक गुलाब, त्यावर पाण्याचे थेंब,
किंवा परदेशातला बर्फाचा डोंगर,
जो आम्ही शेजारच्या लादीवरून ताडून घ्यायचो.
आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
मूळ गायकांचे आवाज नाहीत.
किमतीचा स्टिकर चाचा नेमका तिथेच लावायचे.

पापलेट बरं लागलं त्या वर्षी आमच्याकडेही एक आली.
दुसऱ्या कडव्याआधी ती बाई श्वास घ्यायची,
ऐकू येईल असा,
जिना चढून आलेल्या माणसासारखा.
मला वाटायचं, तो गाण्यातच आहे.
शाळेच्या गॅदरिंगला मी तो घेऊनच गायले.

एक शब्दही चुकलेला होता,
रेडिओवरून कुणीतरी घाईत उतरवलेला.
'नजर' हवं तिथे 'लहर'.
समुद्राकाठी ही चूक कुणाला खटकावी?
हळदीला, जाळं ओढताना, पोर निजवताना
आमच्या पाखाडीत अजून 'लहर'च म्हणतात.

नववीत पायात गळ रुतला.
दवाखान्यात स्टोव्ह फरफरत होता,
तोडणकर सिस्टर सिरिंज उकळत होत्या
आणि गुणगुणत होत्या तेच.
जाडसर, घोगऱ्या, स्वतःच्या आवाजात.
आवाजावरून काय ओळखणार,
तो तर त्यांनी दुसरीचा काढला होता.
पण कडव्याआधी
कुणीतरी जिना चढून आलं.

"सिस्टर, ती तुम्ही?"
"पाय सैल सोड."

मग सुई आत असताना
बोलल्या, माझ्याकडे न बघता.
नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता.
माहीमला एक तळघर. एका रात्रीत आठ गाणी,
दीडशे रुपये, पावती नाही.
"पंखा बंद करायचे, त्याचा आवाज येतो म्हणून.
तिच्यासारखं नाक, तिच्यासारखी मुरकी,
म्हणतील ते दिलं मी.
दम तेवढा पुरला नाही."
कापूस दाबला. "दोन दिवस पाण्यात उतरू नको."

घरी येऊन मी नखाने स्टिकर खरवडला.
ओळ होती. नाव नव्हतं.
बॉलपेनने लिहून बघितलं, प्र. तोडणकर.
गुळगुळीत कागदावर शाई धरेना,
अंगठा लागला आणि गुलाबाच्या देठापर्यंत
निळं ओढलं गेलं.

खरं गाणं मी खूप नंतर ऐकलं,
चिपळूणच्या स्टँडवर, उसाच्या रसवंतीत.
सुंदर होतं. खोटं कशाला बोलू.
पण ती बाई कुठे थांबलीच नाही.
दुसरं कडवं आलं, सरळ आत शिरली ती,
आणि मीच
रसाचा पेला हातात धरून
तिच्यासाठी श्वास घेतला.
समोरच्या माणसाने विचारलं, ठसका लागला काय?

खाऱ्या हवेने आमची कॅसेट दोन पावसाळ्यांत गेली.
बाई आधी बुडाल्यासारखी गायला लागली,
मग पुरुषासारखी,
मग नाहीच.
आईने पट्टी उपसून काढली, हातावर गुंडाळली,
आणि बोंबील वाळत होते त्या वल्हांडीवर
या बांबूपासून त्या बांबूपर्यंत ताणून बांधली,
कावळ्यांसाठी.
उन्हात तपकिरी चमकायची.
वारा पडला की गप्प,
वारा सुटला की एकच सूर, लांबलचक,
मध्ये कुठे न तुटणारा.

पोलिओची पेटी खांद्याला लावून
सिस्टर त्याच वाटेने वाडीत जायच्या.
पट्टी डोक्याला लागू नये म्हणून
जरा वाकायच्या,
आणि पलीकडे गेल्यावर
पदर सारखा करायच्या.